तलवारबाजीच्या लढतीसाठी कमी खर्चात संरक्षक साहित्य कसं निवडावं

संरक्षक साहित्यात पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे वाचवायचे नाहीत, हे ठरवायला मी एकच कसोटी लावतो. त्या जागी वार बसला तर दुखणं भरून येईल, की आयुष्यभर सोबत राहील? मांडीवरचा काळानिळा डाग काही दिवसांत जातो. डोळे, गळा, दात, डोक्याचा मागचा भाग आणि हाताची बोटं यांच्याबद्दल अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. हातात पैसे थोडे असतील तर ते आधी या जागांवर खर्च व्हायला हवेत. बाकीच्या अंगासाठी दुसऱ्या खेळांचं, जुनं किंवा घरी केलेलं साहित्य बिनधास्त चालवून घ्यावं.

हा लेख हेमाच्या (HEMA, Historical European Martial Arts) लढतींसाठी आहे. म्हणजे युरोपातली जुनी हस्तलिखितं आणि छापील ग्रंथ यांच्या आधारे आज पुन्हा शिकली जाणारी तलवारबाजी: लाँगसॉर्ड (लांब दोनहाती तलवार), रेपियर (भोसकण्यावर भर असलेली लांब, अरुंद तलवार), सेबर (एकहाती, बहुधा वक्र तलवार), बकलरसोबतची (छोट्या ढालीसोबतची) एकहाती तलवार. तलवारी बोथट असतात, पण समोरचा कुठे आणि कधी वार करणार हे आधी ठरलेलं नसतं. पोलादी चिलखत घालून होणाऱ्या लढतींचं साहित्य पूर्ण वेगळं, त्यात मी इथे शिरत नाही.

आधी तलवार ठरवा, मग वेग ठरवा

यादी करायला बसण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं हवीत: तुम्ही येत्या वर्षभरात कोणत्या तलवारीने खेळणार आणि किती जोरात खेळणार? याची उत्तरं नसताना घेतलेलं साहित्य बहुतेक वेळा दुसऱ्यांदा विकत घ्यावं लागतं, आणि सगळ्यात महाग खरेदी तीच.

लाँगसॉर्डच्या सरावाला वापरतात तो स्टीलचा फेडर साधारण दीड किलोचा, दोन्ही हातांनी फिरवायचा. त्याचा मार मुख्यतः डोक्यावर आणि हातांवर येतो. रेपियरमध्ये सगळा भर टोकाच्या वारावर, त्यामुळे गळा, काख आणि जॅकेटचं कापड याला महत्त्व येतं. उलट रेपियरची मोठी वाटी किंवा कड्यांची मूठ हात बराच झाकते, म्हणून हातमोजे थोडे हलके चालतात. सेबरमध्ये मुठीवरची कमान बोटं सांभाळते, पण मनगटापासून कोपरापर्यंतचा हात सतत माऱ्यात असतो. बकलर असला तरी तलवारीचा हात पुढे येतोच, आणि साध्या आडव्या दांडीची मूठ बोटांना फारसा आडोसा देत नाही. नायलॉनची तलवार पाहायला निरुपद्रवी वाटते. तरीही वेगात आलेलं नायलॉन उघडं बोट मोडू शकतं आणि त्याचं टोक डोळ्यात जाऊ शकतं. फोमची तलवार हाडांच्या दृष्टीने सगळ्यात सौम्य, डोळ्यांना धोका मात्र तिच्यातही राहतोच.

आता वेग. वाराची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग निम्मा केला तर ऊर्जा चौथ्या हिश्शावर येते. पूर्ण वेगाच्या सत्तर टक्क्यांवर खेळलात तरी ती जवळजवळ निम्मी होते. याचा अर्थ, संथ लढत हा संरक्षणाचा सगळ्यात स्वस्त प्रकार आहे आणि त्याला एक पैसा लागत नाही. मास्क, गळ्याचं संरक्षण आणि बरे हातमोजे एवढ्यावर, दोघांनी ठरवून संथ खेळलं तर कित्येक महिने उत्तम सराव होतो. त्यासाठी एक नियम मात्र पाळावा लागतो: दोघांपैकी ज्याच्या अंगावर कमी साहित्य आहे त्याच्या साहित्याने वेग ठरतो. समोरच्याने भारी हातमोजे घातलेत आणि तुम्ही हलके, तर लढत हलक्या हातमोज्यांची. हे सलामी देण्याआधी तोंडाने बोलून घ्या. नुसतं मनात धरून चालत नाही, कारण चार-दोन वारांची देवाणघेवाण झाली की दोघांचाही वेग नकळत चढतो.

न्यूटनचा आकडा काय सांगतो

मास्क आणि जॅकेटच्या लेबलवर 350, 800 किंवा 1600 न्यूटन असे आकडे दिसतात. मोठा आकडा म्हणजे मार कमी लागेल, असं नवख्यांना वाटतं. तसं नसतं. हा आकडा कापड भोसकलं जाण्याला किती विरोध करतं त्याचा आहे. पातं मोडलं आणि मोडलेलं धारदार टोक पुढे घुसलं, तर कापडाने त्याला अडवावं यासाठी ही चाचणी असते. 800 न्यूटनचं पातळ जॅकेट घालून फेडरचा आडवा वार खाल्लात तर बरगडी तितकीच ठणकेल. मार शोषून घेतं ते अस्तरातलं पॅडिंग आणि वरचं कडक कवच. भोसकण्याला विरोध, पॅडिंग आणि कडक कवच या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि कुठलाही भाग घेताना तो यातलं नेमकं काय देतोय हे विचारलं की निम्मा गोंधळ मिटतो.

मैदानी फेन्सिंगच्या, म्हणजे ऑलिंपिकमध्ये खेळतात त्या फेन्सिंगच्या, कपड्यांसाठी युरोपात ईएन 13567 हे मानक आहे. त्याच्या पहिल्या पातळीचं कापड 350 न्यूटनचं, दुसऱ्या पातळीचं 800 न्यूटनचं. एफआयई या जागतिक फेन्सिंग महासंघाच्या मास्कच्या बिबसाठी, म्हणजे हनुवटीखाली लोंबणाऱ्या कापडी पडद्यासाठी, 1600 न्यूटन लागतात. नवख्याच्या संथ सरावाला 350 न्यूटनचं जॅकेट पुरतं. स्टीलच्या तलवारीने जोरात खेळायचं असेल, त्यातही रेपियरने, तर 800 कडे जा. मास्कच्या बिबला शक्य असेल तर सुरुवातीपासूनच 1600 घ्या. जॅकेट पुढे बदललं जातं, मास्क सहसा बरीच वर्षं तोच राहतो.

मास्क: इथे घासाघीस नको

1982 मध्ये रोमला जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत व्लादिमीर स्मिर्नोव या ऑलिंपिक विजेत्या फेन्सरचा जीव गेला. प्रतिस्पर्ध्याच्या फॉइलचं, म्हणजे फेन्सिंगच्या हलक्या तलवारीचं, पातं मोडलं आणि मोडलेलं टोक मास्कच्या जाळीतून डोळ्यावाटे मेंदूत शिरलं. त्या घटनेनंतर मास्क, कपडे आणि पात्यांच्या पोलादाचे नियम कडक झाले. आज आपण विकत घेतो तो साधा मास्कही त्या सुधारणांचं फळ आहे. म्हणून मास्कला पर्याय शोधू नका. पेंटबॉलचा मास्क, मोटरसायकलचं हेल्मेट, क्रिकेटचं जाळीचं हेल्मेट, यातलं काहीही तलवारीच्या टोकासाठी बनलेलं नाही. काच फुटते, सळयांमधून टोक आत येतं. केन्डो या जपानी तलवारबाजीच्या शिरस्त्राणाबद्दलही हाच आक्षेप: त्याच्या आडव्या सळयांमधली जागा शिनाई या बांबूच्या जाड तलवारीसाठी ठीक, स्टीलच्या अरुंद टोकासाठी मोठी.

फेन्सिंगच्या मास्कचीही मर्यादा समजून घ्या. तो मैदानी फेन्सिंगच्या तीन तलवारींसाठी तयार झाला. त्यात फॉइल आणि तिथलं हलकं सेबर 500 ग्रॅमच्या आत, एपे 770 ग्रॅमच्या आत असते. आपण त्याच मास्कवर लाँगसॉर्डसारखी जवळपास दुप्पट-तिप्पट वजनाची तलवार आणतो. टोक अडवायचं काम तो चोख करतो. डोक्याला बसणारा दणका कमी करणं हे त्याचं मूळ काम नाही. शिवाय डोक्याचा मागचा भाग उघडा राहतो, कारण मैदानी फेन्सिंगमध्ये तिथे भारी वार येत नाही. लाँगसॉर्डमध्ये येतो: पातं डोक्याला वळसा घालून मागे लागतं, किंवा माणूस घाबरून मान फिरवतो आणि वार नेमका कवटीच्या मागे बसतो.

त्यासाठी मास्कवर चढवायचं जाड पॅडिंगचं आवरण मिळतं, त्याला बहुधा मागे कडक कवच असतं. पैसे कमी असतील तर मास्क चांगला घ्या आणि आवरण घरी करा. जाड चामडं किंवा न फुटणाऱ्या जातीचं प्लास्टिक, आतून घट्ट फोम, आणि बांधायला पट्टे. कानाच्या मागून मानेच्या वरच्या टोकापर्यंत ते यायला हवं. मास्कला मात्र भोक पाडू नका, रिव्हेट ठोकू नका, वेल्डिंग करू नका. जाळीचा ताण एका जागी बिघडला की तो मास्क गेला.

मास्क नवा असो वा जुना, हातात घेतल्यावर असा तपासा. तो उजेडाकडे धरा आणि जाळीतून आरपार बघा. तारांमधली अंतरं सगळीकडे सारखी दिसली पाहिजेत. एफआयईच्या नियमांप्रमाणे तार किमान 1 मिलिमीटर जाडीची आणि मधली फट जास्तीत जास्त 2.1 मिलिमीटर असते. जिथे तारा एकमेकींपासून सरकलेल्या दिसतील तिथे डोळा थांबवा. मग दोन्ही अंगठ्यांनी जाळी आतल्या दिशेने दाबत जा: कपाळ, दोन्ही डोळ्यांसमोर, नाक, मग गाल. चांगली जाळी हलत नाही. कुठे ती थोडी जरी दबली, किंवा दबताना बारीक कुरकुरल्याचा आवाज आला, तर तो मास्क घेऊ नका, मग किंमत काहीही असो. जाळी चौकटीला जिथे जोडलेली असते त्या कडेवर गंज बघा. घामाचं पाणी तिथेच साठतं. आणि ठोकून सरळ केलेला पोच हा न ठोकलेल्या पोचापेक्षा वाईट समजा. धातू दोनदा वाकलेला असतो, आणि वरून तो नीट दिसतो.

बसायला मास्क घट्ट हवा. हनुवटी तळाच्या पॅडवर टेकली पाहिजे. मान खाली घालून डोकं जोरात हलवा. मास्क हलला किंवा सरकला तर माप मोठं आहे, किंवा मागची स्प्रिंगची पट्टी सैल आहे. पट्टी वाकवून घट्ट करता येते, माप बदलता येत नाही. नाक आणि जाळी यांच्यात जागा राहायलाच हवी.

एक गोष्ट कुठल्याही मास्कने सुटत नाही. डोक्याला दणका बसल्यावर डोकेदुखी, चक्कर, मळमळ, धूसर दिसणं किंवा गोंधळल्यासारखं वाटणं, यातलं काहीही जाणवलं तर लढत तिथेच थांबते, डॉक्टरांना दाखवायचं आणि त्यांनी होकार देईपर्यंत पुन्हा मास्क चढवायचा नाही. जोडीदार “मी ठीक आहे” म्हणाला तरी.

गळा

बिब हे कापड आहे. 1600 न्यूटनचं असलं तरी ते टोक आत घुसू देत नाही इतकंच. टोकाचा सगळा जोर स्वरयंत्रावर येऊ शकतो. म्हणून बिबच्या जोडीला कडक गळपट्टा लागतो, त्याला सगळे गॉर्जेट म्हणतात. मास्कच्या मानाने तो बराच स्वस्त असतो, त्यामुळे तो टाळायला खरंच काही कारण नाही.

चांगल्या गॉर्जेटची खूण अशी: पुढची कडक पट्टी गळ्यावर तरंगत नाही, तिचा खालचा भाग छातीच्या हाडावर आणि गळ्याच्या हाडांवर (कॉलरबोनवर) टेकतो. टोक लागलं की जोर त्या हाडांकडे जातो, नळीवर येत नाही. घालून बघताना मान पूर्ण वर करा आणि कुणाला तरी बिबखालून बोट घालायला सांगा. बोटाला मऊ गळा लागला तर उपयोग नाही. लाँगसॉर्डसाठी मानेच्या मागचा मणकाही झाकणारा गॉर्जेट बघा. रेपियरवाल्यांनी पट्टीचा वरचा काठ बघावा: टोक वर सरकून हनुवटीखाली जाऊ नये, यासाठी तिथे बाहेर वळलेली किनार किंवा पॅडिंगचा उठाव असतो.

हात: सगळ्यात अवघड खरेदी

हातमोज्यांवर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण हेमात बोटांना होणाऱ्या दुखापती हा नेहमीचा विषय आहे आणि स्वस्त घेण्याचा मोहही इथेच सगळ्यात जास्त होतो.

बोट का मोडतं ते आधी पाहू. उघड्या हवेतल्या हातावर वार लागला तर हात मागे जातो, थोडी ऊर्जा त्यात जिरते. तलवार धरलेलं बोट मात्र मुठीला घट्ट चिकटलेलं असतं. एका बाजूला मुठीचं लाकूड, दुसऱ्या बाजूने येणारं पातं, आणि मध्ये हाड. अंगठ्याचं तर त्याहून बिकट. लाँगसॉर्डमध्ये कित्येक वेळा अंगठा पात्याच्या सपाट बाजूवर, आडव्या दांडीच्या थोडा वर टेकवतात. समोरच्याचं पातं तुमच्या पात्यावरून घसरत खाली येतं आणि थांबतं ते दांडीपाशी, म्हणजे बरोबर अंगठ्याच्या टोकावर. म्हणून हातमोजा उचलला की मी आधी अंगठा बघतो. त्याचं टोक कडक कवचाने वरून, पुढून आणि दोन्ही बाजूंनी झाकलेलं आहे का? पॅडिंगची नुसती टोपी असेल तर तो स्टीलच्या लाँगसॉर्डसाठी बाद.

बाजारात ढोबळपणे तीन जाती आहेत. पहिली, पातळ पॅडिंगचे पाच बोटांचे हलके हातमोजे. ते नायलॉनच्या संथ सरावाला, वाटीची मूठ असलेल्या रेपियरला आणि कवायतीला चालतात. स्टीलच्या लाँगसॉर्डच्या लढतीत चालत नाहीत. दुसरी, भारी पाच बोटांचे, प्रत्येक पेरावर कवच असलेले. यात पकड छान राहते, पण चांगले असतील तर महाग असतात आणि स्वस्त असतील तर बोटांच्या बाजू उघड्या राहतात. तिसरी, मिटन किंवा शिंपल्यासारखे: चारही बोटं एका किंवा दोन कवचांखाली, अंगठा वेगळा. यात बोटांची हालचाल थोडी कमी होते, पण एका बोटावर आलेला मार सगळ्या कवचावर पसरतो.

मर्यादित पैशात स्टीलचा लाँगसॉर्ड खेळणाऱ्याला मी मिटनच सुचवीन. पहिले काही आठवडे तलवार हातात परकी वाटते, मनगटाच्या बारीक हालचाली अडतात, आणि लोक वैतागून हलक्या हातमोज्यांकडे परततात. जरा धीर धरा. हाताला सवय होते, आणि या काळात पकड सैल ठेवायला शिकलात तर तंत्रही सुधारतं.

लॅक्रॉस किंवा आइस हॉकीचे हातमोजे हा जुना, प्रसिद्ध पर्याय. नायलॉनसाठी आणि संथ लढतीसाठी ते खरंच चांगले आहेत आणि वापरलेले स्वस्तात मिळतात. पण ते बाजूने किंवा वरून येणाऱ्या काठीसाठी बनलेले असल्याने बोटांची टोकं आणि अंगठ्याचा शेंडा उघडा किंवा मऊ राहतो. त्यावर कडक प्लास्टिकच्या टोप्या शिवून घेणारे लोक आहेत. मेहनत घ्यायची तयारी असेल तर नायलॉनच्या वापरासाठी ते ठीक. स्टीलच्या पूर्ण वेगाच्या लढतीला त्यांच्यावर विसंबू नये.

माप घेताना दोन आकडे लागतात: अंगठा सोडून तळव्याचा घेर आणि मधल्या बोटाची लांबी. विक्रेत्याच्या तक्त्यात बसत नसाल तर विचारून घ्या. हातमोजा तोकडा असेल तर बोटाचं टोक कवचाला आतून टेकतं आणि मार थेट हाडाला पोचतो. ढगळ असेल तर वार बसल्यावर कवच गोल फिरतं आणि पुढचा वार उघड्या बोटावर. शक्य असेल तर क्लबमधल्या कुणाचे तरी हातमोजे घालून स्वतःची तलवार धरून बघा, कारण भारी हातमोजे छोट्या मुठीत मावत नाहीत. सेबरच्या कमानीत तर मिटन बहुतेक वेळा शिरतच नाही. हे पैसे भरल्यावर लक्षात येऊ नये.

शेवटी मनगट. हातमोज्याची बाही जॅकेटच्या बाहीवर किमान चार बोटं चढली पाहिजे, आणि तलवार डोक्यावर उचलली तरी तिथली त्वचा दिसता कामा नये.

जॅकेट

हेमासाठी शिवलेलं पॅडिंगचं जॅकेट ही सहसा यादीतली सगळ्यात मोठी रक्कम असते, म्हणून ते पहिल्या दिवशी घेऊ नका. दोन-चार महिने मास्क, गॉर्जेट आणि हातमोज्यांवर संथ खेळा. तोपर्यंत तुम्हाला कुठली तलवार आवडते हे कळेल. रेपियर आवडला तर हलकं, भोसकण्याला विरोध करणारं जॅकेट हवं. लाँगसॉर्डकडे वळलात तर खांदे, कोपर आणि दंडावर जास्त पॅडिंग. दोन्हीला पुरेल असं मधलं जॅकेट मिळतं, आणि एकच घ्यायचं असेल तर तेच घ्यावं.

मधल्या काळासाठी एक जोडणी सुचवतो: मैदानी फेन्सिंगचं वापरलेलं 350 न्यूटनचं जॅकेट, त्याखाली काखेचं 800 न्यूटनचं प्लास्ट्रॉन (तलवारीच्या हाताची काख आणि बाजू झाकणारं आतलं अर्धं जॅकेट), आणि त्याच्या आत गोधडीसारखं शिवलेलं जाड बंडी-जॅकेट. काख ही शरीराची फार नाजूक जागा आहे. हात वर गेला की टोक तिथेच जातं, आणि पुष्कळ जॅकेटांना हवेसाठी नेमकी तिथेच फट ठेवलेली असते. फट असेल तर तिच्याखाली कापडाचा दुसरा थर आहे का ते बघा. समोरची चेन कापडी पट्टीने झाकलेली असावी, कॉलर उभी आणि गॉर्जेटवर नीट बसणारी असावी.

पॅडिंग जितकं जास्त तितकं बरं, हा समज सोडा. जाड जॅकेटमध्ये शरीर भयंकर तापतं, आणि दमलेला, तापलेला माणूस स्वतःलाही सांभाळू शकत नाही आणि वारही आवरू शकत नाही. लढती लहान ठेवा, मध्ये मास्क आणि चेन उघडा, पाणी प्या.

छाती आणि जांघ

पुरुषांनी अ‍ॅबडॉमिनल गार्ड पहिल्या दिवसापासून घालावा. क्रिकेट, हॉकी, बॉक्सिंग, कुठल्याही खेळाचा चालतो आणि तो या यादीतला सगळ्यात स्वस्त भाग आहे. स्त्रियांसाठीही जांघेचे गार्ड मिळतात आणि ते घ्यावेत. छातीच्या संरक्षणाला फेन्सिंगचं एकसंध प्लास्टिकचं कवच घ्या. दोन सुट्ट्या वाट्यांच्या मधोमध टोक घसरून अडकतं, एकसंध कवच बरगड्याही झाकतं. असंच सपाट कवच पुरुषांनाही उपयोगी पडतं, विशेषतः टोकाचे वार जास्त असतील तर.

कोपर, पुढचा हात, गुडघा, नडगी

इथे खुशाल पैसे वाचवा. स्केटिंगचे किंवा मोटोक्रॉसचे कोपर-गुडघ्याचे पॅड, फुटबॉलचे नडगीचे गार्ड, हॉकीचे कोपरपॅड, सगळं चालतं. अट एवढीच की बाहेर कडक कवच हवं. नुसत्या फोमच्या गुडघेपट्टीवर फेडर बसला तर फोम सपाट होतो आणि हाडाला कळतं. कोपराचं कवच टोकाच्या दोन्ही बाजूंची हाडंही झाकणारं हवं. लाँगसॉर्डमध्ये हात वाकवून वर धरला की कोपरच समोरच्याच्या सगळ्यात जवळ असतं.

पुढच्या हाताचं कवच घरी छान होतं. जाड एचडीपीई प्लास्टिकच्या पिंपातून किंवा मोठ्या डब्यातून वक्र पट्टी कापायची. हाडाच्या बाजूला, म्हणजे करंगळीच्या रेषेत, ती जास्त रुंद ठेवायची. कडा पॉलिश पेपरने गोल करून त्यावर कापडी टेप, आतून ईव्हीए फोम, आणि दोन रुंद पट्टे. एक पट्टा ठेवलात तर कवच फिरतं. ठिसूळ प्लास्टिक वापरू नका. ते फुटलं की त्याची कड सुरीसारखी असते. उघडा धातूचा पत्राही टाळा, तो समोरच्याची तलवार आणि हात दोन्ही खराब करतो.

खाली जाड कापडाची पूर्ण लांबीची पँट आणि बाजूला न घसरणारे, सपाट तळाचे इनडोअर बूट. त्यावर वेगळा खर्च नको. रेपियरकडे गंभीरपणे वळलात तर फेन्सिंगची 350 किंवा 800 न्यूटनची पँट पुढे घ्या.

जुनं, उसनं, सामाईक

कापडी साहित्य, गॉर्जेट, पॅड हे वापरलेलं घ्यायला हरकत नाही. शिवणी, चेन आणि बक्कल बघा, काखेतलं कापड विरळ झालंय का ते उजेडाकडे धरून बघा. वापरलेले हातमोजे घेताना प्रत्येक कवच वाकवून तडा शोधा आणि रिव्हेट हलतायत का ते तपासा. वापरलेला मास्क फोटो पाहून कधीच घेऊ नका, तो हातात घेऊनच घ्यायचा.

नव्या गटाने माणशी थोडे पैसे काढून आधी सामाईक मास्क आणि दोन-तीन मापांच्या भारी हातमोज्यांच्या जोड्या घ्याव्यात. एका वेळी दोनच माणसं लढतात, बाकीचे बघतात किंवा कवायत करतात, त्यामुळे प्रत्येकाला संच लागत नाही. डोक्याला बारीक सुती टोपी आणि हातात पातळ सुती मोजे ज्याचे त्याचे असले की घामाचाही प्रश्न राहत नाही. मागवताना गटाने एकत्र मागवलं तर वाहतूक खर्च वाटला जातो. परदेशातून येणार असेल तर आयात शुल्क आणि माप न बसल्यास परत पाठवण्याचा खर्च आधीच धरा. कित्येकदा या दोन रकमा मिळवल्या की “स्वस्त” वस्तू जवळच्या महाग वस्तूच्या वर जाते.

सगळं घालून फटी शोधा

एक-एक भाग चांगला असूनही जोडणीत फटी राहतात. म्हणून पहिल्या लढतीआधी पूर्ण साहित्य चढवा. क्रम असा सोयीचा पडतो: आधी जांघ आणि छाती, मग पाय, मग गॉर्जेट, जॅकेट, कोपर, मास्क, आणि सगळ्यात शेवटी हातमोजे, कारण ते चढवले की दुसरं काही बांधता येत नाही.

आता जोडीदाराला बोटाने फटी शोधायला सांगा. तुम्ही तलवार डोक्यावर धरा: मनगट उघडं पडलं का, जॅकेट कमरेवरून वर गेलं का? लांब पाऊल टाकून वाका: गुडघ्याचं पॅड खाली सरकलं का? मान मागे टाका, मग डावीकडे-उजवीकडे वळवा: बिब आणि गॉर्जेटच्या मधून बोट जातं का? मान खाली घाला: मास्कचं आवरण आणि कॉलर यांच्यामध्ये मानेची पट्टी दिसते का? हातांची घडी घातल्यासारखे हात समोर आवळा: कोपराचं कवच जागेवर आहे का? जिथे बोट त्वचेला लागलं तिथे कधीतरी टोक लागणारच, असं धरून ती फट बुजवा. बहुतेक फटी एखादा पट्टा हलवून किंवा थोडं कापड वाढवून बुजतात, नवी वस्तू लागत नाही.

समोरच्याच्या तलवारीकडेही बघा, ती तुमच्या साहित्याचाच भाग आहे. टोक वळवलेलं, चपटं रुंद केलेलं किंवा रबरी टोपी घातलेलं हवं. पात्यावर दातरे पडले असतील तर आधी कानशीने घासून काढा. ते जॅकेट फाडतात. कायमचं तिरकं वाकलेलं किंवा बारीक तडा गेलेलं पातं लढतीत नको. टोकाचा वार पोचल्यावर पातं लवचीकपणे वाकलं पाहिजे. जे वाकत नाही त्याचा जोर समोरच्याच्या बरगडीत जातो.

देखभाल आणि बाद करणं

सराव संपला की साहित्य बॅगेत कोंबून ठेवू नका. मास्क कोरड्या फडक्याने पुसा, हातमोजे तोंड उघडून वाऱ्यावर ठेवा. कपडे कोमट किंवा थंड पाण्यात, सौम्य साबणाने, ब्लीच न घालता धुवा आणि सावलीत वाळवा. केवलारसारख्या तंतूंची ताकद ऊन आणि ब्लीच दोन्हीमुळे कमी होते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

दर महिन्याला मास्कची अंगठ्याची तपासणी पुन्हा करा. जोरदार टोकाचा वार थेट जाळीवर बसला असेल तर त्याच दिवशी. हातमोज्याच्या कवचाला तडा गेला तर तो भाग बदलेपर्यंत संथ खेळा. फाटलेलं जॅकेट नुसतं वरून ठिगळ लावून लढतीत आणू नका. भोसकण्याला विरोध करणारा थर फाटला असेल तर त्याच ताकदीचं कापड आतून लावायला हवं, नाहीतर ते जॅकेट फक्त कवायतीचं. मास्कच्या आतल्या बाजूला खरेदीचं वर्ष न पुसणाऱ्या शाईने लिहून ठेवा. आणि एखादा मास्क बाद केलात तर फेकण्याआधी त्याची जाळी पकडीने फाडून टाका, म्हणजे तो क्लबच्या पिशवीत राहून पुढच्या नवख्या माणसाच्या डोक्यावर जाणार नाही.